माडीला लागलेली ओल

राजापूर तालुक्यातलं एक जुनं दुपाखी कौलारू घर. खाली जांभ्याच्या भिंती, वर सागाच्या तुळया आणि त्यांवर आंब्याच्या फळ्यांची माडी. आंब्याचं लाकूड तसं लवकर सडणारं. तरी भाताची पोती आणि हापूसची अढी सांभाळत ही माडी तीन पिढ्या टिकली. खालच्या चुलीचा धूर आणि वरच्या गजाच्या खिडक्यांतून खेळणारा वारा तिला कोरडी ठेवत होता.

पुढच्या पिढीने तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. फळ्यांवर व्हिनाइलची शीट आली, खिडक्यांना काचा बसल्या, एसी लागला, भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. काम देखणं झालं. दोनच पावसाळ्यांत फळ्या पायाखाली दबू लागल्या.

घरच्यांचा संशय वाळवीवर, मग कौलांवर. सुताराने शीट उचलली तर खालच्या फळ्या काळ्या पडलेल्या, कडांना पांढरी बुरशी आणि पेचकस टेकवला की सहज आत. वाळवीची माती कुठेच नाही, कौलंही गळत नव्हती. पाणी आलं होतं खालून, हवेतून. जुलैत कोकणातल्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो आणि पाहुण्यांचा एसी असतो 20 वर. पडवीतली दमट हवा फटींतून वर चढायची, गार पडलेल्या शीटच्या पाठीला लागायची आणि तिथेच तिचं पाणी व्हायचं. वरून शीटने वाट अडवलेली, मग ते सुकणार कसं? लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी सहसा धरत नाही. ती 30 च्या घरात रेंगाळली की लाकूड कुजतंच.

तुळयांचं दुखणं वेगळं. जांभा पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतोही. सिमेंटने ती सोय बंद केली. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं ओलीच राहिली.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनासारख्या दमट राज्यांत लाकडी जमिनीची घरं जमिनीपासून थोडी उचललेली असतात. उन्हाळ्यात एसी चालला की तिथेही गार फळ्यांना खालून अशीच ओल धरते, म्हणून घराखालच्या उघड्या मातीवर जाड पॉलिथिन अंथरतात. तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी आधी वाकून तेवढं पाहावं.

राजापूरच्या घरात आता शीट गेली, एसी 27 च्या खाली जात नाही, गिलावा चुन्याचा आहे आणि तुळयांच्या टोकांभोवती बोटभर मोकळी जागा सोडली आहे. माडीवर न्हाणीघर काढायचाही बेत होता, तो रद्द झाला हे फार बरं झालं. सडक्या फळ्या मात्र बदलाव्याच लागल्या.

ज्यांच्याकडे अशी माडी आहे त्यांनी ओल्या लाकडावर रंग किंवा पॉलिश चढवू नये. ओल आत कोंडते. पाऊस ओसरला की दिवाळीच्या साफसफाईत तुळयांची टोकं पेचकसाने टोचून पाहा. मऊ लागली तर रंगाऱ्याच्या आधी सुताराला बोलवा.