गाळाच्या कणांमधलं बळ कसं मोजतात?

प्रश्न : तापीचं गढूळ पाणी बाटलीत भरून ठेवलं तर कित्येक दिवस निवळत नाही. आमच्या हजीऱ्याजवळ ती समुद्राला मिळते तिथे मात्र गाळ बसतो. कणांवर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना ढकलतात, असं सर सांगतात. पण एवढ्याशा कणांमधलं बळ मोजतात कसं?
– एक विद्यार्थिनी, हजीरा (सुरत)

उत्तर : सरांचं म्हणणं बरोबर आहे. तापी खानदेशातल्या काळ्या मातीचे बारीक कण घेऊन येते आणि ते ऋणभारित असतात. गोड्या पाण्यात हा भार दूरपर्यंत जाणवतो, त्यामुळे कण जवळ येत नाहीत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यांच्या आयनांच्या गर्दीत भार झाकला जातो आणि ढकलण्याची पोच अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येते. मग कण भिडतात, चिकटतात, पुंजके होऊन तळाशी बसतात. गढूळ पाण्याच्या एका ग्लासात चमचाभर मीठ घाला, दुसरा तसाच ठेवा, फरक दिसेल.

आता मोजणीकडे वळू. लेसरचा झोत भिंगाने एका बिंदूवर आणला, तर पाण्यातला पारदर्शक सूक्ष्म कण त्या बिंदूशी अडकून राहतो. हा प्रकाशाचा चिमटा आर्थर ॲश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवला. ॲश्किन यांना २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, नोबेल मिळालं. शिकागो विद्यापीठात जॉन क्रॉकर आणि डेव्हिड ग्रीअर यांनी १९९४ मध्ये अशा चिमट्यांनी प्लास्टिकचे दोन सूक्ष्म गोल जवळजवळ धरले आणि लेसर बंद केला! मला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. प्रकाश चालू असेतो त्याचंही बळ गोलांवर लागतं. तो नसताना गोल कसे सरकतात, हे सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा टिपतो. पाण्याचे रेणू गोलांना सतत धक्के देत असल्याने एका वेळच्या सरकण्यावरून काहीच कळत नाही. म्हणून धरा, सोडा, टिपा, असं पुन्हा पुन्हा करायचं. हजारो चित्रांतून कोणत्या अंतरावर किती बळ, हे निघतं. ते न्यूटनच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी असू शकतं.

१९९६ मध्ये याच दोघांना काचेच्या भिंतीजवळ सारख्या भाराचे गोल एकमेकांकडे ओढले जाताना दिसले आणि मोठी खळबळ उडाली. २००० मध्ये टॉड स्क्वायर्स आणि मायकेल ब्रेनर यांनी त्याचा एक साधा उलगडा मांडला : भिंतीचा भार गोलांना दूर ढकलतो, त्याने पाणी हलतं आणि ते गोलांना जवळ आणतं.

चिकणमातीचे कण मात्र गोल नसतात, चपटे असतात. त्यांच्या कडांवरचा भार पृष्ठभागावरच्या भारापेक्षा वेगळा असू शकतो. त्यामुळे गोलांवरचे आकडे तापीच्या गाळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.