गोधडीचा भाव घरून ठरवून न्यावा

शहापूर-मुरबाडकडच्या बाया भाताची झोडणी उरकली की सुई-दोरा काढतात आणि पावसाच्या तोंडाशी तो पुन्हा ठेवून देतात. मधल्या पाच-सहा महिन्यांत घरोघर एखाददुसरी गोधडी होते. आजवर ती घरातच राहायची, बाळंतिणीच्या अंगावर, पाहुण्याच्या अंथरुणात, फार तर लेकीच्या सासरी. अलीकडे बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी विषय काढतं की मुंबईला प्रदर्शन आहे, आपल्या गोधड्या नेऊ या. नेण्याला माझी हरकत नाही, न्याव्यातच. पण गोधडीचा भाव आणि तिची ओळख, या दोन्ही गोष्टी घरून ठरवून, कागदावर लिहून न्याव्यात, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मैदानावर गोधडी पसरल्यानंतर त्या ठरवायला बसलं की गिर्‍हाईक ठरवतं, आयोजक ठरवतो, नाहीतर परीक्षक ठरवतो. आणि तिघांपैकी कुणाच्याही बोटाला सुईचे घट्टे पडलेले नसतात.

भाव ठरवताना बहुतेक जणी कापडापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. कापड जुनं म्हणजे फुकटचं, दोरा शे-दीडशेचा, मग पाचशेला गेली तरी साडेतीनशे सुटले, असा तो हिशेब. यात मजुरी कुठेच नाही. म्हणून हिशेब टाक्यांपासून धरावा. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी घ्या, आणि टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर अंतर धरा. दीडशे सेंटिमीटर रुंदीत पंचाहत्तर ओळी बसतात, एकेक ओळ दोनशे दहा सेंटिमीटरची. सगळा मिळून दीडशे मीटरांच्या वर धावदोरा होतो. ओळी सरळ उभ्या घातल्या काय किंवा कडेने फिरत फिरत मधोमध आणल्या काय, अंतर तेच असेल तर लांबी जवळपास तेवढीच भरते. वर दिसणारा आणि खाली गेलेला मिळून एक टाका एक सेंटिमीटरचा धरला, तर पावणेसोळा हजारांच्या आसपास टाके झाले. पाच-सहा थरांतून मिनिटाला दहा टाके जाणं म्हणजे हात चांगला बसलेला असणं. त्या वेगानेही सव्वीस तास लागतात. थर लावणं, सुरकुत्या काढणं, कच्चे टाके घालणं, ठिगळं जुळवणं आणि कड मोडणं यांना आणखी सहा तास धरा. आठ तासांचे चार दिवस झाले. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. चार दिवसांचे बाराशे आणि दोर्‍याचे दीडशे म्हटले, तर साडेतेराशेच्या खाली दिलेली गोधडी मातीकामाच्या मजुरीपेक्षाही स्वस्तात गेली असं समजावं. ओळी अर्ध्या बोटावर असतील तर टाके दुप्पट आणि टाके घालायचे तासही दुप्पट. हा हिशेब एका चिठ्ठीवर मांडून गोधडीबरोबर ठेवला, की घासाघीस करणार्‍याला काय उत्तर द्यायचं हे शोधत बसावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढे पैसे देतंय कोण? रस्त्याच्या कडेला चार-पाचशे रुपयांत ऊबदार ब्लँकेट मिळतं. आक्षेप खरा आहे, पण तो गोधडीवरचा नाही, जागेवरचा आहे. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलबाजारासाठी तिचं नाव आहे, आणि थंडीचे दिवस म्हणून घोंगड्या-ब्लँकेटांनाही तिथे मागणी असते. तिथे येणारा माणूस ऊब विकत घ्यायला येतो आणि रुपयाला किती ऊब, एवढंच तो बघतो. पानिपतच्या गिरण्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांच्या सुतापासून ब्लँकेटं काढतात. त्या भावाशी हाताच्या टाक्याने स्पर्धा करायलाच जाऊ नये. महालक्ष्मी सरस या मुंबईतल्या बचत गटांच्या प्रदर्शनाची गोष्ट थोडी निराळी. तिथली गर्दी मुख्यतः पापड, मसाले, चटण्या घ्यायला येते, पण हातकामासाठी थांबणारे त्यात असतात. अशा ठिकाणी बाळाची दुपटी, मांडीवर घ्यायची लहान पांघरुणं, बसायची आसनं न्यावीत. ती पिशवीत मावतात आणि त्यांची किंमत ऐकून गिर्‍हाईक पुढच्या स्टॉलकडे वळत नाही. मोठी गोधडी एखादीच न्यावी, मागे टांगायला. ती विकली नाही तरी पुढच्या दुपट्यांचा भाव तीच सांभाळते. जिथे फक्त हाताने शिवलेलं बघायला लोक येतात, अशा जागी मात्र मोठ्या गोधड्या न्याव्यात आणि भावात एक रुपया उतरू नये.

त्या जागांचे नियम आपल्यासाठी केलेले नाहीत, हेही आधी माहीत असावं. अमेरिकेत ह्यूस्टनला आणि केंटकी राज्यातल्या पडूका गावात दर वर्षी मोठी क्विल्ट प्रदर्शनं भरतात. आपल्याकडे चेन्नईत २०१९ साली इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल झाला. या जगात क्विल्ट म्हणजे तीन थर: वरचं जोडकाम, मधलं भरण आणि खालचं अस्तर. परीक्षक बघतात ते कडा सरळ आहेत का, कोपरे भरलेले आहेत का, टाके सारखे आहेत का आणि टांगल्यावर ती सपाट पडते का. आपल्या गोधडीत वेगळं भरण नसतंच, जुनी लुगडी-पातळंच थरावर थर असतात. हाताच्या ओढीने तिचा पृष्ठभाग किंचित चुरगळतो, कड लाटेसारखी होते. अंगावर घेतल्यावर हेच तिचं मऊपण असतं, पण भिंतीवर ते दोष म्हणून मोजलं जाण्याची भीती असते. मग गोधडीने बदलावं का? काही बाबतीत खुशाल बदलावं. शिवायला बसण्याआधी समोरासमोरचे दोन्ही कोपरे दोरीने तिरके मोजले आणि दोन्ही मापं सारखी आली, की गोधडी काटकोनात बसते. याने तिचं काही बिघडत नाही. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंची नेफा शिवावा, म्हणजे त्यातून काठी घालून ती टांगता येते. चिमट्यांनी लटकवली तर तीन-चार किलोंचा भार चार टाक्यांवर येतो आणि ते उसवतात. पण 'जुनं कापड नको, नवं कोरं वापरा' असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. शंभर धुण्यांनी मऊ झालेलं सुती लुगडं असतं म्हणूनच हाताची सुई पाच-सहा थरांतून जाते. कोर्‍या कापडाला खळ असते, ते पहिल्या धुण्यात आटतं आणि टाके ताणले जातात. जुनं कापड नाइलाजाने येत असेल, पण गोधडीची सगळी रीत त्याच्यावरच उभी आहे.

प्रदर्शनाला पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने जावं, आणि बघायचं ते उलट्या बाजूने. अमेरिकेतल्या त्या प्रदर्शनांत क्विल्टला हात लावू देत नाहीत. पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका उभ्या असतात, त्यांना सांगितलं की त्या कड उचलून मागची बाजू दाखवतात. जाणकाराला सगळं तिथेच कळतं: गाठी कुठे दडवल्या, टाका खालीही सारखा पडलाय का, दोरा संपला तिथे काय केलं. आपल्या मैदानांवर हातमोजे कुठले, वडापावचाच हात पुसता पुसता गोधडी चाचपली जाते. म्हणून तळहाताच्या दुप्पट आकाराचा एक नमुना त्याच थरांचा, त्याच दोर्‍याने शिवून टेबलावर पुढे ठेवावा. हाताळायचं ते तो हाताळा, म्हणावं.

आता ओळखीचं. गोधडीच्या मागे, कोपर्‍यात, कापडाच्या पट्टीवर दोर्‍याने नाव घालावं: शिवणारीचं नाव, गाव, साल. 'घरच्या गोधडीवर कसलं आलंय नाव' असं म्हणून पुष्कळ जणी हसतात. त्यांनी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली वारली चित्रं आठवावीत. लग्नाचा चौक लिहिणार्‍या सुवासिनींची नावं कुणी विचारली नाहीत. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या नावाने लागली, आणि पुढे २०११ साली पद्मश्रीही त्या नावालाच मिळाली. आज कपांवर, पडद्यांवर, विमानतळाच्या भिंतींवर त्याच धाटणीची चित्रं दिसतात, त्यातली बहुतेक बिननावाची. ज्यांच्या पाड्यांवरून ती उचलली त्यांना त्यातून काय मिळतं हे ज्याने त्याने ओळखावं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. गुलामीत राबलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांचं. तिथल्या बाया शेतातले झिजलेले कपडे फाडून ऊब म्हणून गोधड्या शिवायच्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या, २००६ मध्ये टपालाच्या तिकिटांवर आल्या. त्या एकेका बाईच्या नावाने लागल्या, ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींना नक्षीचे हक्क आणि पैसे यांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ते खटले पुढच्या वर्षी मिटले. जगभर गाजूनही कागदाचं काम मागे राहिलं होतं, हे त्यातून घ्यावं.

तेव्हा गोधडी कुणाच्याही हवाली करताना पावती घ्यावी. तिच्यात माप, ठरवलेली किंमत, परत देण्याची तारीख आणि खराब झाली किंवा हरवली तर कोण भरून देणार, हे चार शब्दांत असावं. फोटो काढून कॅलेंडरवर किंवा कापडावर छापायचा असेल तर वेगळं विचारायला लावावं. यावर कुणी म्हणेल, एवढे कागद मागितले तर आम्हाला बोलावणारच नाहीत. काही जण नाही बोलावणार. जे पावती द्यायला तयार नाहीत त्यांच्याकडे गोधडी अडकून पडण्यापेक्षा ती घरात अंथरलेली परवडते. आणि आजीच्या हातची, घरात एकच उरलेली जुनी गोधडी असेल, तर ती प्रदर्शनाला देऊच नये, पावती मिळाली तरी. तिचा फोटो द्यावा.

एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या मार्गदर्शकांच्या ध्यानात येत नाही, ती आपल्या पावसाची. प्रदर्शनांचा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा, आणि गोधड्या शिवून होतात चैत्र-वैशाखात. म्हणजे विकायच्या गोधडीला मधले चार महिने शहापूर-मुरबाडचा पाऊस काढावा लागतो. तानसा, वैतरणा, भातसा भरून मुंबईचे नळ चालवणारा तो पाऊस घरातल्या भिंतीही ओल्या ठेवतो. गोधडी नवी दिसावी म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली की आतल्या आत घाम धरते, काळे ठिपके पडतात आणि कुबट वास लागतो. हा वास दोन उन्हांत जात नाही, आणि गिर्‍हाईक गोधडी हातात घेतल्याबरोबर आधी नाकाशी नेतं. त्यापेक्षा मृगाच्या आधी दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, पूर्ण थंड झाल्यावर, जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर, चुलीची धग पोचते पण धूर लागत नाही अशा जागी ठेवावी. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला असावा. पावसाने उघडीप दिली की उलगडावी आणि घडी बदलावी. एकाच घडीवर चार महिने राहिली तर मोडीवर कापड विरतं. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. कसर जाते, पण बाळाच्या दुपट्याला तो वास कुठली आई चालवून घेईल?

सगळं जमून आलं की मोठी ऑर्डर येते, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. शंभर गोधड्या, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, तीन महिन्यांत. गटातल्या तरुण मुली म्हणतात, घेऊ या, दर कमी असला तरी एकगठ्ठा पैसे येतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मुरबाडच्या कारखान्यात पाळी करण्यापेक्षा घरी बसून शिवणं कुणालाही बरंच. जीज बेंडच्या शेजारी १९६६ साली बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली होती. तिने शहरातल्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी घेतल्या, घरी पैसा आणला, आणि त्या गरीब मुलखात ते थोडंथोडकं नव्हतं. पण दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा होता. ज्या बाया हातात येईल त्या कापडावरून नक्षी ठरवायच्या, त्यांना नमुन्याबरहुकूम काम करावं लागलं. आपल्याकडे तर शंभर एकसारख्या गोधड्यांना एकसारखी जुनी लुगडी कुठून आणायची? मग उल्हासनगरची कातरण आणि मशीन येते, आणि घरून ठरवून नेलेला टाक्यांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात गुंडाळावा लागतो. मशीनचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. ते मशीनचं म्हणून, मशीनच्या दराने विकावं, त्यावर 'हाताने शिवलेली' अशी चिठ्ठी लावू नये. ऑर्डर देणार्‍याला हातचीच हवी असेल तर गटात किती जणी आहेत, घरचं-रानातलं उरकून दिवसाला किती तास बसतील, हे मोजावं. दहा जणी रोज तीन तास बसल्या तर एका गोधडीचे बत्तीस तास भरायला प्रत्येकीला अकरा दिवस लागतात. तीन महिन्यांत एकेकीच्या आठ म्हणजे सगळ्या मिळून ऐंशी, तेही कुणी आजारी पडलं नाही आणि घरात लग्नकार्य निघालं नाही तर. साठ कबूल कराव्यात, रंग आणि नक्षी शिवणारीवर सोडायला लावावी, तिसरा हिस्सा आगाऊ मागावा, आणि उरलेल्या चाळीस कुठून घ्यायच्या ते त्यांचं त्यांना बघू द्यावं.