'कॅमेरा थांबवू नका!' : एका चित्रपटाची झोंबी

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'झोंबी' म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवून केलेली लढत. इंग्रजीतल्या 'झॉम्बी'शी या शब्दाचे काहीही नाते नाही. झॉम्बी म्हणजे मेल्यावर उठून चालू लागलेले, वाचा आणि बुद्धी गमावलेले प्रेत. ही कल्पना मूळची हैती देशातल्या लोकसमजुतींतली. १९६८ साली जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा अल्प खर्चाचा कृष्णधवल चित्रपट काढला आणि माणसे खाणाऱ्या प्रेतांच्या झुंडी हा भयपटाचा एक ठरलेला साचा होऊन बसला. साचा ठरला की त्याची थट्टाही सुरू होते. २००४ साली एडगर राइट यांनी इंग्लंडमध्ये 'शॉन ऑफ द डेड' काढून या प्रेतांना विनोदात आणले, आणि २०२२ साली आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने त्यांना थेट डोंबिवलीत आणून सोडले.

प्रस्तुत लेखात याच परंपरेतल्या एका जपानी चित्रपटाचा विचार करायचा आहे. 'कामेरा ओ तोमेरुना!' हे त्याचे मूळ नाव. त्याचा अर्थ 'कॅमेरा थांबवू नका!' असा होतो. बाहेरच्या जगात तो 'वन कट ऑफ द डेड' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक शिनइचिरो उएदा. चित्रपटातले रहस्य उघड केल्यावाचून त्याच्या रचनेविषयी बोलता येत नाही, म्हणून ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग या लेखाकडे वळावे.

टोकिओत 'एन्बु सेमिनार' नावाची अभिनय आणि चित्रपटकला शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या एका कार्यशाळेतून हा चित्रपट जन्माला आला. निवडचाचणी घेऊन १२ नट-नट्या घेतल्या. त्यांतले कोणीही नावाजलेले नव्हते. उएदा यांनी आधी ही माणसे निवडली आणि मग त्यांचे स्वभाव, त्यांच्या बोलण्याची ढब पाहून पात्रे बेतली. एकूण खर्च ३० लाख येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १७ लाख रुपये. चित्रीकरण २०१७ साली झाले. प्रमुख स्थळ होते मितो शहरातले पाणी शुद्ध करण्याचे एक बंद पडलेले केंद्र.

चित्रपट ९६ मिनिटांचा आहे. त्यातली पहिली ३७ मिनिटे कॅमेरा एकदाही बंद न करता, एका दमात चित्रित केलेली आहेत. एक चित्रपटमंडळी ओसाड जागी झॉम्बीपट काढत असते आणि तिथे खरेच झॉम्बी येतात, असे त्याचे कथानक. पण हा भाग पाहताना प्रेक्षक गोंधळतो, कारण त्यात जागोजाग खोट दिसते. मध्येच सारी पात्रे थबकतात आणि स्वसंरक्षणाच्या डावपेचांविषयी निरर्थक गप्पा मारत राहतात. एक माणूस अकारण दाराबाहेर पळत सुटतो. कॅमेरा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ तसाच पडून राहतो. शेवटचे दृश्य वरून दिसायला हवे, तर तिथे कॅमेरा डगमगत असतो. श्रेयनामावली झळकते आणि इतका सुमार चित्रपट आपण का पाहिला, असे वाटू लागते.

खरा चित्रपट इथून पुढे सुरू होतो. कथा एक महिना मागे जाते. हिगुराशी नावाचा एक सामान्य दिग्दर्शक आहे. 'जलद, स्वस्त आणि बेताचे' काम करून देणारा म्हणून त्याची ख्याती. झॉम्बींना वाहिलेली एक नवी दूरचित्रवाणी वाहिनी त्याला विलक्षण काम देते: अर्ध्या तासाचे झॉम्बीनाट्य, थेट प्रक्षेपण आणि तेही एकाच कॅमेऱ्याने, कुठेही न तोडता. प्रक्षेपणाच्या दिवशी दोन कलावंत अपघातामुळे पोहोचत नाहीत. दिग्दर्शकाला आणि अभिनय सोडून दिलेल्या त्याच्या बायकोला त्यांच्या जागी उभे राहावे लागते. एक नट दारू पिऊन पडलेला असतो, दुसऱ्याचे पोट बिघडते, कॅमेरामनची पाठ धरते.

मग तीच ३७ मिनिटे आपण विंगेतून पाहतो. निरर्थक गप्पा का चालल्या होत्या? कारण पलीकडे झिंगलेल्या नटाला उभे करायला वेळ हवा होता. तो माणूस बाहेर का पळाला? त्याला खरोखरच पोटाची घाई झाली होती. कॅमेरा जमिनीवर का होता? कॅमेरामन कोसळला होता. पहिल्या भागात जी जी खोट दिसली, तिथे तिथे कोणीतरी जिवाचा आटापिटा करून वेळ निभावून नेत होते, हे आता कळते. आपण पोट धरून हसतो, पण ते हसणे कुचेष्टेचे राहत नाही. गॅदरिंगच्या एकांकिकेत ज्याने विंगेत उभे राहून पडदा ओढला आहे, त्याला हे हसणे चांगलेच ओळखीचे वाटेल.

याखाली आणखी एक थर आहे. ती ३७ मिनिटे उएदांच्या मंडळींनाही खरोखरच सलग चित्रित करावी लागली. त्यासाठी सहा वेळा प्रयत्न करावे लागले. एकदा कॅमेरा सुरू झाला की चूक पोटात घालून पुढे जायचे, हा नियम पडद्यावरच्या मंडळींइतकाच पडद्यामागच्यांनाही लागू होता. रक्ताचा शिंतोडा भिंगावर उडतो आणि कॅमेरामन तो पुसतो, हा क्षण संहितेत नव्हता; तो प्रत्यक्षात घडला आणि तसाच चित्रपटात राहिला. म्हणजे ठरवून केलेल्या चुकांमध्ये न ठरवलेल्या चुकाही मिसळल्या आहेत, आणि पाहणाऱ्याला त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साहित्यविचाराच्या तासाला आपण शिकतो की कलाकृती स्वायत्त असते. ती निर्माण करताना लेखकाला किती कष्ट पडले, यावर तिचे मोल ठरत नाही. हा चित्रपट या सिद्धान्ताच्या विरोधात जातो का? कष्ट दाखवून तो सुमार कामाला सवलत मागतो का?

माझ्या मते, नाही. आमच्या घरी गवंडीकाम चालते. भिंत ओळंब्यात आहे की नाही, एवढेच मालक पाहतो. ऊन किती होते, माणसे किती कमी होती, हे तो विचारत नाही. त्याबद्दल वाईट वाटते, पण कष्ट झाले म्हणून वाकडी भिंत सरळ होत नाही, हेही घरात सर्वांना ठाऊक असते. उएदांच्या चित्रपटात ती ३७ मिनिटे दुसऱ्यांदा पाहतानाही सुमारच राहतात. दिग्दर्शक त्यांना थोर म्हणत नाही. फरक एवढाच, की इतरत्र कलाकृतीच्या बाहेर राहणारे श्रम त्याने रचनेच्या आत आणून ठेवले. आधी फळ आणि मग मेहनत, असा उलटा क्रम लावल्यामुळे मेहनत हाच कथेचा विषय झाला. कष्टांची माहिती आपण बाहेरून आणून चित्रपटाला चिकटवत नाही; ती त्याच्या घाटातच आहे. म्हणून स्वायत्ततेचा सिद्धान्त इथे मोडत नाही, मात्र 'कलाकृतीच्या आत काय काय येते?' हा प्रश्न तो पुन्हा विचारायला लावतो.

या प्रश्नाची एक बोचरी बाजू चित्रपट गाजल्यावर पुढे आली. रियोइची वादा यांच्या 'पीस' नावाच्या नाट्यसंस्थेने 'घोस्ट इन द बॉक्स!' हे नाटक केले होते. उएदांनी ते पाहिले होते आणि त्यावरून स्फूर्ती घेतल्याचे मान्यही केले होते. परंतु स्फूर्ती कुठे संपते आणि मूळ लेखनाचे श्रेय कुठे सुरू होते, यावरून २०१८ च्या ऑगस्टमध्ये जाहीर वाद झाला. पुढे तडजोड होऊन वादा आणि उएदा या दोघांनाही मूळ कल्पनेचे श्रेय देण्यात आले. पडद्यामागच्या माणसांचा गौरव करणाऱ्या चित्रपटालाच आपल्यामागे कोण उभे आहे याचा हिशेब द्यावा लागला. यामुळे चित्रपट उणा ठरतो असे मला वाटत नाही. पण श्रेयाची वाटणी किती अवघड असते, हे त्यावरून दिसते.

२०१७ च्या नोव्हेंबरात चित्रपट अवघे सहा दिवस दाखवला गेला होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या उदिने येथील महोत्सवात प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. जूनमध्ये टोकिओच्या दोन छोट्या चित्रपटगृहांत तो लागला, आणि तोंडोतोंडी कीर्ती पसरून पुढे तीनशेहून अधिक चित्रपटगृहांत पोहोचला. त्याने ३०० कोटी येनहून अधिक गल्ला जमवला. म्हणजे खर्चाच्या हजारपट. २०२२ साली मिशेल हजानाविशियस यांनी केलेल्या त्याच्या फ्रेंच रूपांतराने कान महोत्सवाचे उद्घाटन झाले. मूळ चित्रपटाची गंमत मात्र गरिबीतून आली होती, हे विसरता येत नाही.

याचा उत्तम पुरावा शेवटच्या प्रसंगात मिळतो. वरून दृश्य टिपण्याची क्रेन मोडते. अंतिम दृश्य गाळून टाकावे, असा सोपा मार्ग निर्मात्याकडून सुचवला जातो. तेव्हा हिगुराशीची मुलगी पुढे होते. आता क्रेनच्या जागी माणसे येतात: नट, तंत्रज्ञ, झॉम्बीचा रंग अजून तोंडावर असलेले लोक एकमेकांच्या पाठीवर चढून गोविंदांसारखा मनोरा रचतात, आणि वर बापाच्या खांद्यावर बसून मुलगी कॅमेरा धरते. पहिल्या भागात डगमगलेले दृश्य ते हेच. यंत्राने टिपले असते तर ते स्थिर आले असते.

यानंतर श्रेयनामावली सुरू होते, आणि त्यात उएदांची खरी मंडळी ती ३७ मिनिटे चित्रित करताना, खऱ्या कॅमेरामनसह, धावताना दिसतात. आपल्याकडे नावे सरकू लागली की प्रेक्षक उठून दाराकडे निघतात. हा चित्रपट पाहणाऱ्यांनी निदान या वेळी तरी शेवटच्या नावापर्यंत बसून राहावे, एवढेच सुचवावेसे वाटते.