ट्यूब ॲम्प आणि मॉडेलर: दोन्ही वाजवताना उमगलेलं

१. आपण तुलना करतो ते दोन ॲम्प नसतातच. मॉडेलरवर, म्हणजे ॲम्पचा आवाज प्रोसेसरने उभा करणाऱ्या यंत्रावर, व्हॉक्स एसी ३० निवडला की कानावर येतो तो एसी ३०, त्याचे स्पीकर आणि स्पीकरच्या जाळीपुढे लावलेला माइक, अशा अख्ख्या साखळीचा आवाज. स्पीकर-माइकचा भाग ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ नावाच्या इवल्याशा फाइलमध्ये बसलेला असतो. माइक जरासा बाजूला सरकवून घेतलेली दुसरी फाइल लावली, तर तोच ॲम्प परका वाटायला लागतो. खोलीत खऱ्या ॲम्पपुढे उभं राहिल्यावर कान जाळीला लावलेला नसतो. आवाज फरशीवरून, भिंतींवरून फिरून येतो, पोटऱ्यांना जाणवतो. हेडफोनमधला मॉडेलर कोरडा वाटतो तो यामुळे. पण ज्या रेकॉर्ड ऐकून आम्ही गिटार हातात घेतली, त्यांतले जवळजवळ सगळे आवाज माइकमधूनच तर आले होते! हे ध्यानात आल्यावर माझ्या मनातली बरीच भांडणं मिटली.

२. जोर हा आवाजाचाच भाग आहे. आवाज बारीक केला की खालचे आणि अगदी वरचे सूर कानाला अधिकच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं. शिवाय शंभर वॉटच्या मार्शलमधल्या ईएल ३४ ट्यूब मोठ्याने वाजवल्याशिवाय फाटायला तयारच नसतात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी आडवे झालेले असताना, असा ॲम्प एकवर ठेवून काय ऐकणार? पन्नास वॉटचा घ्यावा, तर पूर्ण जोरात दोघांमध्ये अंतर उरतं फक्त तीन डेसिबलचं. घरी मॉडेलरच बरा, आणि हे मी तडजोड म्हणून म्हणत नाही. हळू आवाजात तो खरोखरच जास्त चांगला वाजतो.

३. ‘मॉडेलर म्हणजे नक्कल’ हा टोमणा आता मला लागत नाही. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या हॅनवेलच्या दुकानातून १९६२ मध्ये जेटीएम ४५ बाहेर पडला, तो फेंडर बेसमनचं सर्किट समोर ठेवूनच. सर्किट जवळजवळ तेच. सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळाले ते, आणि दहा इंची चार स्पीकरऐवजी बंद पेटीत बारा इंची चार. तेवढ्या फरकातून पुढे बऱ्याच ब्रिटिश रॉकचा आवाज घडला.

४. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, वाजवणाऱ्याला कळतो. एका मित्राच्या स्टुडिओत आम्ही गिटारचा कोरडा ट्रॅक आधी रेकॉर्ड केला आणि तोच ट्रॅक एकदा ट्यूब ॲम्पमधून, एकदा मॉडेलरमधून काढला. ड्रम आणि बेस सोबत आल्यावर आमच्यापैकी कुणालाही छातीठोकपणे सांगता येईना की कुठला कोणता. बरीच वर्षं वाजवणारी माणसं होती सगळी. गप्प बसलो. मग गिटार जोडून स्वतः वाजवायला लागलो, आणि बोटांना लगेच कळलं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रंगलेलं गाणं श्रोत्यांना कुठेही उणं वाटत नाही. जवारी लावलेल्या तानपुऱ्याची आस गाणाऱ्याला असते.

५. ट्यूबची निगा हा वेगळाच संसार आहे. जगातल्या ट्यूब मोजक्या कारखान्यांत बनतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली आणि सारातोवच्या कारखान्याकडे डोळे लावून बसलेल्यांची भाव ऐकून झोप उडाली. ॲम्पच्या आत चारशेच्या वर व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात, तेव्हा हौस म्हणून झाकण उघडायचं नाही. पण जाणता कारागीर भेटला, तर साठ वर्षांपूर्वीचा ॲम्पही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कपॅसिटरवर पुन्हा बोलू लागतो. मॉडेलरच्या प्रोसेसरने मान टाकली की तसं काही करता येत नाही.

६. खरी परीक्षा हाताची. जीझेड ३४ रेक्टिफायर असलेल्या ॲम्पवर कॉर्ड सणकून मारा: आतला व्होल्टेज क्षणभर खाली बसतो, सूर दबतो आणि मग हळूहळू फुलत वर येतो. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा: फाटलेला आवाज स्वच्छ होतो, वरची किनार मात्र राहते. १९९८ च्या पॉडसारख्या सुरुवातीच्या मॉडेलरमध्ये हे मला कधी सापडलं नाही. २००६ मध्ये आलेल्या ॲक्स-एफएक्सच्या वाटेने जाणारी यंत्रं सर्किटचंच गणित मांडतात, त्यामुळे आता ते बऱ्यापैकी साधतं. २०११ च्या केम्परची रीत निराळी. तो खरा ॲम्प ऐकून त्याचं प्रोफाइल घेतो, पण ते त्या वेळी नॉब जिथे होते तिथलं. गेन फार फिरवला की पुढचं अंदाजाने चालतं. म्हणून नवं प्रोफाइल हाती आलं की मी रिफ वगैरे वाजवत बसत नाही. व्हॉल्यूम सहावर, ई मायनर हलक्या हाताने, मग तोच पिक जोरात. दोन्हींत माझा हात ऐकू आला, तरच त्या प्रोफाइलला नाव देऊन जपून ठेवतो.