रूपांतरित खडक : एक पाठ

खडकांचे अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित हे तीन प्रकार मुले तोंडपाठ म्हणतात. तथापि 'परिसरातून तिन्हींचे नमुने आणा' असे सांगताच अडचण उभी राहते. ठाण्याहून घोडबंदर रोडने कासारवडवली, ओवळे, गायमुख असे जाताना डाव्या हातास येऊरचे डोंगर व उजव्या हातास खाडी आहे. या वाटेवर मूल जो दगड उचलील, तो बहुधा काळा बेसाल्टच असतो. तो कठीण व जड आहे, एवढ्यावरून त्यास 'रूपांतरित' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवल्यास मूल निरीक्षण करण्याऐवजी शिक्षकास हवे ते उत्तर देण्यास शिकते. 'हा प्रकार आमच्या डोंगरात सापडला नाही' हे उत्तर येथे बरोबर मानावे व त्याचे कारण शिकवावे.

प्रस्तावना : कच्ची वीट व भाजलेली वीट मुलांपुढे ठेवावी. भट्टीत माती वितळली काय? नाही. आकार तोच राहिला. रंग, कठीणपणा व गुण मात्र पालटले. याउलट गुळाचा पाक पातळ असतो व थिजल्यावर ढेप होते. बेसाल्ट हा पाकासारखा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून थिजले, म्हणून तो अग्निजन्य होय. रूपांतरित खडक विटेसारखा आहे. जुना खडक न वितळता, घन अवस्थेतच, उष्णतेने व दाबाने पालटतो. येऊरचे थर त्यानंतर तेवढ्या खोलवर गाडले गेले नाहीत. म्हणून ते रूपांतरित झाले नाहीत.

विषयविवेचन : तप्त शिलारस शेजारच्या खडकात घुसला, की लगतचा भाग भाजून निघतो, हे स्पर्शरूपांतर. पर्वत घडताना विस्तीर्ण प्रदेश खोल दाबला जातो; हे प्रादेशिक रूपांतर. दाबाखाली अभ्रकासारख्या चपट्या खनिजांचे कण एका दिशेने आडवे होतात व खडकास पापुद्रे येतात. ओल्या मातीत भाताचा तूस कालवून गोळा दोन फळ्यांत दाबावा व सुकल्यावर उभा कापावा. तूस आडवा झालेला दिसेल.

फळ्यावर लिहावयाचे वर्गीकरण :

(अ) पापुद्र्यांचे किंवा पट्ट्यांचे — शेलपासून पाटीचा दगड. अधिक उष्णता व दाब मिळाल्यास अभ्रकाने चकाकणारा शिस्ट. ग्रॅनाइटपासून पट्टेदार नाइस.

(आ) पापुद्रे नसलेले — चुनखडकापासून संगमरवर, वालुकाश्मापासून क्वार्टझाइट.

नमुने : डोंगरात नसलेला खडक गावात मात्र असू शकतो. जुनी दगडी पाटी कोणाच्या घरी असल्यास आणवावी व तिच्या कडेचे पापुद्रे दाखवावेत. देवळाच्या फरशीचा संगमरवरी तुकडा मिळाल्यास त्याची भुकटी करून तीवर लिंबाचा रस पिळावा, बुडबुडे येतील. बेसाल्टच्या भुकटीस ते येत नाहीत. मात्र बेसाल्टमधील पांढरे ठिपके कधीकधी कॅल्साइटचे असतात व तेही फसफसतात. म्हणून ठिपके नसलेला तुकडा घ्यावा. परीक्षेत 'फसफसला म्हणजे संगमरवर' असे घाईने लिहू देऊ नये, चुनखडकही फसफसतो.

नकाशा : महाराष्ट्राच्या नकाशावर नागपूर, भंडारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे दाखवावेत. तेथे बेसाल्टहून फार प्राचीन असे शिस्ट, नाइस, क्वार्टझाइट उघडे पडलेले आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडील मँगनीजचे धातुक अशाच रूपांतरित खडकांत सापडते.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने एक दगड आणावा आणि वहीत तीन ओळी लिहाव्यात : तो कोठे सापडला, त्यात काय दिसते, आणि त्यावरून तो कोणत्या प्रकारचा वाटतो. सर्व वह्यांत 'अग्निजन्य' असेच आले, तरी पाठ सफल झाला असे समजावे. मात्र 'कशावरून?' हा प्रश्न प्रत्येकास विचारल्यावाचून राहू नये.