शेषशायी विष्णू आणि मेणाचे गणित

कंबोडियातील अंगकोर येथे ‘पश्चिम बाराय’ नावाचा एक प्रचंड तलाव आहे. लांबी सुमारे ८ किलोमीटर, रुंदी सुमारे २ किलोमीटर. मधोमध एक बेट, बेटावर ‘पश्चिम मेबोन’ हे पडके देवालय. डिसेंबर १९३६ मध्ये फ्रेंच अभ्यासक मॉरिस ग्लेझ यांना तेथे मातीत गाडलेली काशाची मूर्ती सापडली. होती ती शेषशायी विष्णूची; पण हाती आले डोके, खांदे, उजवीकडचे दोन हात आणि पुष्कळसे लहानमोठे तुकडे. तो डोक्याखांद्यांचा भागच सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. अभ्यासकांच्या अंदाजाने अकराव्या शतकातील ही अखंड मूर्ती पाच ते सहा मीटर लांब असावी. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ही मूर्ती २०२४ मध्ये तपासणी व डागडुजीसाठी फ्रान्सला नेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, एवढी मूर्ती ओतायची कशी? पद्धत आपल्याकडच्या ओताऱ्यांना ठाऊक असलेलीच. संस्कृत ग्रंथांत तिला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. आधी मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा थर देऊन नाकडोळे कोरायचे, वरून मातीचे लेप चढवायचे. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात.

आतला गाभा कशासाठी? हिशेब करा. समजा डोके म्हणजे ५० सेंटिमीटर व्यासाचा गोल. भरीव गोलाचे घनफळ सुमारे ६५,४५० घन सेंटिमीटर. काशाची घनता ८.८ धरली तर वजन ५७६ किलोग्रॅम! तोच गोल पोकळ, एक सेंटिमीटर जाडीचा केला, तर ६६ किलोग्रॅमच भरतो. तांबे-कथील वाचतेच, पण खरा फायदा निराळा आहे. जाड गोळा बाहेरून आधी थिजतो, आतला रस मागाहून थिजताना आक्रसतो आणि पोटात पोकळ्या राहतात. सारख्या जाडीचे पातळ कवच बरेचसे एकदमच थिजते.

धातू किती वितळवायचा हेही आधीच कळते. मेणाची घनता सुमारे ०.९६. म्हणजे मेणाच्या वजनाच्या साधारण नऊपट कासे लागणार. रस ओतण्याच्या नळ्याही मेणाच्याच करतात, तेव्हा मेण त्यांच्यासकट तोलायचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेण तोलून धातू ठरवण्याची हीच युक्ती सांगितली आहे. आर्किमिडीजचे नाव न घेता!

आता कथील का मिसळायचे? शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. दहा टक्के कथील घातले की सुमारे १००० अंशांला सगळे पातळ होते. भात्यावर भट्टी चालवणाऱ्याला हे ऐंशी अंश फार मोलाचे. शिवाय मिश्रण अधिक कठीण होते. (आजीच्या काशाच्या वाटीत कथील याहूनही जास्त असते.)

एकदा मी मुलांना घेऊन एका ओताऱ्याकडे गेलो होतो. तो साचा पुन्हापुन्हा हाताने चाचपून पाहत होता. एका मुलाने विचारले, “काका, एवढं काय बघताय?” तो म्हणाला, “ओल राहिली तर रस आपल्याच अंगावर येतो, बाळ.” पाण्याची वाफ होताना घनफळ सुमारे सतराशेपट होते, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले होते. त्या दिवशी मुले आपोआप दोन पावले मागे सरली.

आकुंचनाचेही पाहा. काशाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१८. थिजल्यापासून निवेपर्यंत ९०० अंशांची घट धरली, तर सहा मीटर लांबीत जवळजवळ १० सेंटिमीटर घट येते. आतला मातीचा गाभा तेवढा आकसत नाही. मग ताण पडून धातूला तडा जाण्याची भीती. म्हणून अशा थोर मूर्तीचे भाग वेगवेगळे ओतून जोडावे लागतात, आणि ही मूर्तीही तशीच जोडलेली आहे.

शेवटी एक कोडे. १२९६ मध्ये चौ ता-क्वान हा चिनी दूतमंडळातील गृहस्थ अंगकोरला आला. तळ्यातल्या देवालयात काशाचा पहुडलेला बुद्ध असून त्याच्या बेंबीतून सतत पाणी वाहते, असे त्याने लिहून ठेवले. तळे त्याने पूर्वेचे म्हटले आहे. तरी त्याने पाहिलेला ‘बुद्ध’ म्हणजे हाच विष्णू असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पंप तर नव्हता. नळीतले पाणी आपण होऊन मूळ पातळीच्या वर चढत नाही. मग तलावाचेच पाणी वापरले असेल, तर मूर्तीची बेंबी तलावाच्या पातळीच्या वर हवी की खाली? आकृती काढून ठरवा. आणि उन्हाळ्यात तलाव उतरला म्हणजे काय होत असेल, तेही लिहा.