पाण्याचा ताळेबंद : राज्याचे उद्दिष्ट व गावाचे कर्तव्य

जमीन, पाणी व वनस्पती हे शेतीचे मूळ भांडवल होय. त्याचे जतन करणे हे महाराष्ट्र शासनाचे जुने धोरण आहे. १९७२ च्या दुष्काळात मृद्‌संधारणाची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. पुढे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे करण्याची पद्धत रूढ झाली. २०१४ साली जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले व २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठरले. समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध ही कामे झाली. तथापि २०१९ च्या उन्हाळ्यातही अनेक गावांस टँकरने पाणी पुरवावे लागले. अवर्षण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, अडविलेल्या पाण्याच्या खर्चाचा हिशेब बहुतेक गावांत ठेवला जात नाही.

राज्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. हा साठा मर्यादित व सामाईक असतो. एकाने खोल कूपनलिका घेतली, की शेजाऱ्याची विहीर आटण्याचा संभव असतो. म्हणून २००९ च्या भूजल अधिनियमाने, जो २०१४ पासून अंमलात आला, शेती व उद्योगांसाठी ६० मीटर वा अधिक खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे.

हिशेब कसा करावा? एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास १,५०० वस्तीच्या गावास वर्षाला सुमारे ३०,००० घनमीटर पाणी लागते. मोकाट पाण्यावरील एक हेक्टर उसास २० ते २५ हजार घनमीटर लागते. म्हणजे साऱ्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी दीड हेक्टर ऊस पिऊन टाकतो! हरभऱ्यास मात्र हेक्टरी अडीच ते तीन हजार घनमीटर पुरते.

यासाठी ऑक्टोबरात विहिरींची पातळी व पावसाची नोंद ग्रामसभेपुढे मांडावी. प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी राखून ठेवावे. उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवावीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने असा ताळेबंद मांडून, शेतीसाठीच्या कूपनलिका व उसासारखी पिके वर्ज्य करून, कमी पावसातही शेती सावरली. शासन बांध घालून देऊ शकते; पाणी जपून वापरण्याचा ठराव मात्र गावानेच करावयाचा व पाळावयाचा असतो.